जुना बास घेताना: नेक, पाणी आणि दहा रुपयांचा फ्यूज

बडोद्यातल्या मांजलपूरहून एका मुलाने विचारलंय. नवरात्र संपल्यावर एका गरबा पार्टीतला वादक आपला पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) बास गिटार आणि अमेरिकेहून आणवलेला अ‍ॅम्प, दोन्ही मिळून ३५,००० ला देतोय. बासची सगळ्यात जाड तार खडखडते. अ‍ॅम्प सध्या बंद आहे, पण ‘फक्त फ्यूज गेलाय’ म्हणे. पैसे उभे करायला याला स्वतःचा चार तारांचा, जॅझ पद्धतीचा बास विकायचाय. त्याला खरखर आहे, आणि एका पिकअपचा, म्हणजे तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकी तुकड्याचा, व्हॉल्यूम कमी केला की घूंऽऽ सुरू होतं. घ्यावं का, काय तपासावं, आणि स्वतःचा बास दुरुस्त करून विकावा की आहे तसा?

फ्यूजपासूनच सुरू करतो, कारण त्या एका शब्दात तुझे बरेच पैसे अडकलेत. फ्यूज दहा-वीस रुपयांना मिळतो. ज्याला ३५,००० चा सौदा करायचाय तो माणूस तेवढे खर्चून अ‍ॅम्प चालू करून का दाखवत नाही? मला विचारशील तर त्याने ते केलेलं असतं, आणि दुसरा फ्यूजही उडालेला असतो.

आता ‘अमेरिकेहून आणलेला’ हे त्याच्याशेजारी ठेवून बघ. तिकडे भिंतीत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. बडोद्यात दर डिसेंबरात कुणाचा ना कुणाचा मामेभाऊ तिकडून येतो, सामानात एखादा अ‍ॅम्प आणतो, इथे पिन बसावी म्हणून पन्नास रुपयांचा अ‍ॅडॅप्टर घेतात आणि बटण दाबतात. अ‍ॅडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही. नशीब चांगलं असेल तर जादा व्होल्टेज आल्यावर आत बसवलेली एक छोटी चकती स्वतःचा बळी देते, फ्यूज उडतो आणि बाकीचं वाचतं. नशीब नसेल तर पॉवर सप्लायच जातो. बाहेरून बघून मला हा फरक सांगता येणार नाही, तुलाही नाही. मागच्या पट्टीवर काय छापलंय ते वाच. काही अ‍ॅम्पना ११५/२३० असा खटका असतो, काही आधुनिक अ‍ॅम्प १०० ते २४० पर्यंत काहीही घेतात; तसं असेल तर हे सगळं लागू नाही. नुसतं १२० छापलं असेल तर दुरुस्तीनंतरही आयुष्यभर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर सोबत वागवावा लागेल, तोही अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेल्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा. दुचाकीवरून तालमीला जाणाऱ्याने हे लोढणं गळ्यात बांधून घेऊ नये.

आणि तुला एवढा मोठा अ‍ॅम्प हवाय कशाला? गरब्यात बास डीआय बॉक्समधून, म्हणजे बासला साऊंड सिस्टिमशी जोडणाऱ्या डबीतून, थेट साऊंडवाल्याकडे जातो, मैदान हलवतात ते त्याचे स्पीकर. तुझ्या पायाशी असलेला अ‍ॅम्प फक्त तुला ऐकू यावं म्हणून. घरी रियाजाला लहान अ‍ॅम्प किंवा हेडफोन पुरतो. तेव्हा सौदा तोड: बासचा भाव वेगळा विचार, अ‍ॅम्प त्यालाच ठेवू दे.

तरी पुढेमागे दुसरा एखादा जुना अ‍ॅम्प बघशील, म्हणून पाण्याची गोष्ट सांगून ठेवतो. ती या शहराची खास आहे. ३१ जुलै २०१९ चा पाऊस तुला आठवत असेल. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी पुन्हा तेच. विश्वामित्री नदी घरात शिरली की मगरींचे व्हिडिओ सगळे बघतात. तळमजल्यावरच्या तालमीच्या खोल्यांचं काय झालं ते कुणी विचारत नाही. त्या खोल्यांतलं सामान वाळवून, पुसून अजून हातोहात फिरतंय. २०२४ नंतरच्या हिवाळ्यात मी एक कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, बघायला गेलो होतो. विकणारा म्हणाला, ‘एकदम चोखी कंडिशन छे.’ वरून खरंच चकाचक होता. उचलून उलटा केला तर तळाच्या कोपऱ्यात कापडाखाली लाकूड फुगून पुठ्ठ्यासारखं मऊ झालेलं. मागच्या आठ स्क्रूंपैकी पाच गंजलेले, तीन नवे कोरे. हवा बाहेर पडायला समोर जे भोक असतं त्यात बोट घातलं, तर नखात राखाडी गाळ आला. मी काही बोललो नाही, बोट त्याला दाखवलं. चहा मात्र त्याने चांगला पाजला.

म्हणून सगळ्यात आधी नाक लाव. ओल्या गोणपाटासारखा वास महिनोन् महिने जात नाही. मग स्क्रू बघ: जुन्यांत नवे मिसळलेले असतील तर कुणीतरी आत जाऊन आलंय, ते का, हे विचार. स्पीकरच्या कागदावर बोटं पसरून, चारी बाजूंनी सारखा दाब देत, अगदी हळू आत ढकल. मऊ जायला हवा. आत कुठे घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झाली आहे किंवा गंजली आहे. तो स्पीकर गेलाच म्हणून भाव कर. सर्किट बोर्ड धुऊन कधीकधी वाचतो. फुगलेली पेटी आणि घासणारा स्पीकर वाचत नाही. जुनं सामान घेताना माझा हिशेब हाच असतो. जे दुरुस्त होतं त्याचा खर्च किमतीतून वजा करायचा. जे होत नाही ते कितीही स्वस्त असलं तरी घ्यायचं नाही.

बासमध्ये दुरुस्त न होणारी गोष्ट म्हणजे नेक, डावा हात फिरतो ती लांब मान. पिकअप, पॉट (व्हॉल्यूमच्या गोल बटणाखालचा भाग), जॅक (केबल घालतो तो), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो), खुंट्या सगळं मिळतं, सगळं बदलता येतं. पीळ पडलेली नेक बदलायची म्हणजे दुसरा बासच घ्यायचा. लोक आधी रंगावरचे ओरखडे मोजतात. मी ओरखडा दिसला की खूश होतो, दोन हजार कमी करता येतात.

नेक बघायची पद्धत अशी. बास वाजवायच्या सुरात लावून घे, सैल तारांवर काही कळत नाही. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, डोळ्याजवळ धरून, बंदुकीची नळी बघावी तशी, फ्रेटबोर्डच्या (फ्रेट या आडव्या धातूच्या पट्ट्या बसवलेल्या फळीच्या) दोन्ही कडा ब्रिजच्या दिशेने बघ. दोन्ही कडा सारख्याच हलक्या वाकलेल्या दिसल्या तर ठीक, ते ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या दांड्याने, सावरतं. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर पीळ आहे. नमस्कार करून निघ.

बाक किती आहे ते मोजायला खिशात व्हिजिटिंग कार्ड ठेव. जाड तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताने दाब, आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर उजव्या कोपराने किंवा विकणाऱ्याच्या बोटाने. आता तार हीच तुझी सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी, म्हणजे कार्ड जेमतेम सरकेल एवढी. कार्ड सैल हलत असेल तर बाक जास्त. फटच नसेल, तार फ्रेटला टेकली असेल, तर नेक फार सरळ किंवा उलटी वाकलेली. दोन्ही सुधारतं, पण ट्रस रॉड जिवंत असेल तरच. म्हणून विकणाऱ्यालाच सांग: ‘झाकण काढून पाव फेरा फिरवून दाखवा.’ घड्याळाच्या दिशेने फिरवलं की बाक कमी होतो, उलट फिरवलं की वाढतो. रॉड आधीच टोकापर्यंत आवळलेला असेल, किंवा चुकीच्या मापाचा पाना घालून षटकोनाचा गोल झाला असेल, तर त्या बासचं पुढचं आयुष्य संपलंय असं धर. पाने इंची वेगळे, मिलिमीटरचे वेगळे. ‘जवळजवळ बसतोय’ म्हणून फिरवणाऱ्यांनी या गावात बरेच रॉड मारलेत.

आता तुझी खडखडणारी जाड तार. आमच्या घरी तानपुरा होता, मिरजेचा. वडील ब्रिज आणि तारेमध्ये दोरा सरकवत सरकवत जवारी लावायचे. तो झंकार निघेपर्यंत गाणं सुरू व्हायचं नाही. म्हणजे तार लाकडाला नेमकी कुठे, किती स्पर्श करते यावर नाद ठरतो हे मी बास हातात यायच्या आधीपासून ऐकत आलोय. बासमध्ये तोच स्पर्श नको असतो, पण शोधायची रीत तीच: कुठे लागतंय?

मोकळी तार वाजवल्यावरच खडखडत असेल आणि पहिला फ्रेट दाबल्यावर थांबत असेल, तर नटची (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल गेली आहे, किरकोळ काम. पहिल्या चार-पाच फ्रेटवर खडखड आणि वर स्वच्छ, तर नेक जास्त सरळ आहे, रॉड पाव फेरा सैल करून बघ. बाराव्याच्या पुढे खडखड, तर तार खूप खाली बसवली आहे, सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, वर घे. सतराव्या फ्रेटपाशी जाड बाजूला दोन-अडीच मिलिमीटर उंची असली की बहुतेकांचं भागतं. एकाच फ्रेटवर खडखड असेल तर पुढचा फ्रेट वर आलाय. ते पकडायला एटीएम कार्ड काढ: त्याची लांब कड एका वेळी तीन फ्रेटवर उभी टेकव आणि डुलतंय का बघ. बासवर पहिल्या दोन-तीन फ्रेटमधलं अंतर कार्डाच्या मानाने जास्त पडतं, पण तिसऱ्यापासून पुढे ते व्यवस्थित पुरतं. डुललं तर मधला फ्रेट उंच. एक-दोन फ्रेट घासून घेता येतात. दहा फ्रेट असे निघाले तर सगळे समतल करून घ्यायचा खर्च किमतीतून वजा कर.

पण पाचव्या तारेच्या बाबतीत आधी स्वतःचा हात तपास. ती मंद्र ‘बी’ म्हणजे ३१ हर्ट्झच्या आसपास; चार तारांच्या बासची ‘ई’ ४१ ची. तार जाड, ताण कमी, झोका मोठा. चार तारांवर जोरात वाजवायची सवय असलेला प्रत्येक जण सुरुवातीला तिला खडखडवतो. हलक्या हाताने वाजव, आणि दुसऱ्या चालू अ‍ॅम्पमधून ऐक. जी खडखड नुसत्या लाकडावर ऐकू येते आणि स्पीकरमधून येत नाही, ती विसरून जा. ३४ इंची स्केलवर ही तार थोडी ढिली वाटते, म्हणून काही पाच तारांचे बास ३५ इंची करतात. नट ते ब्रिज मोजून बघ, आणि तुझा हात तेवढा पसरतोय का तेही.

तार वरच्या बाजूला बेसूर जाते का हेही तपास. बाराव्या फ्रेटवर नुसतं बोट टेकवून हार्मोनिक घे, मग तोच फ्रेट दाबून वाजव, ट्यूनरवर दोन्ही जुळले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. स्क्रू गंजून अडकला नसेल तर पाच मिनिटांचं काम आहे. आणि वरच्या ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये एखादा स्वर लवकर विझला तर घाबरू नकोस. नेक बोल्टने जोडलेल्या पुष्कळ बासना असा मृत ठिपका असतो, चांगल्या महागड्यांनाही. दुरुस्त होत नाही हे खरं, पण इथे मी माझाच नियम मोडतो, कारण त्या ठिपक्यासकट लोक आयुष्यभर वाजवतात.

हा बास अ‍ॅक्टिव्ह आहे, तेव्हा नवी नऊ व्होल्टची बॅटरी सोबत घेऊन जा. काही वर्षांपूर्वी फतेहगंजला मला एक बास ‘पिकअप जळालेला’ म्हणून पडत्या भावात दाखवला होता. आवाज आधी फाटका, मग काहीच नाही. मागचं झाकण उघडलं तर बॅटरी फुटून पांढरी पावडर साचलेली. अ‍ॅक्टिव्ह बासचा जॅक तीन टोकांचा असतो. केबल घातली की प्लगचा धातू त्यातली दोन टोकं जोडतो आणि बॅटरी सुरू होते. त्या मुलाने महिनाभर केबल काढलीच नव्हती. मी क्लिप स्पिरिटने पुसली, खिशातली बॅटरी लावली, बास बोलायला लागला. त्याने तो विकलाच नाही. माझ्या मित्रांनी मला तेव्हा मूर्ख ठरवलं होतं, अजूनही ठरवतात. तुझ्या बाबतीत निर्णय तुझा, पण बॅटरी ने.

आता तुझा स्वतःचा बास. घूंऽऽ ची काळजी आधी सोड. जॅझ पद्धतीच्या बासमध्ये दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका गुंडाळीचे, पिकअप असतात, आणि आजच्या बहुतेक बासमध्ये त्यांची गुंडाळी एकमेकांच्या उलट असते. दोन्ही सारखे उघडे असले की एकाची घरघर दुसरा खोडतो. एक कमी केला की ती उघडी पडते. तो बिघाड नाही, जात आहे त्याची. प्रिसिजन या दुसऱ्या जातीच्या बासला १९५७ मध्ये दोन तुकड्यांचा पिकअप आला तो घरघर खोडतो, म्हणून तिथे हे नसतं. विकताना घेणाऱ्याला हेच दाखव, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर ब्रिजची अर्थ वायर जागेवर आहे. फरकच पडत नसेल तर ब्रिजखालची वायर सुटली असेल. पण हात लावल्यावर मुंग्या आल्या, चरचरलं, तर वाजवणं तिथेच थांबव. तारा, ब्रिज, केबलची जाळी आणि अ‍ॅम्पचा पत्रा हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. घरच्या प्लगमध्ये अर्थिंग नसेल तर अ‍ॅम्पमधली गळती तुझ्या बोटांपर्यंत येते. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत तीन भोकांचा प्लग दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. आधी इलेक्ट्रिशियनकडून ते बघून घे. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थ पिन तोडणारे वादक मी मंडपात पाहिलेत, आणि समोर ओल्या गवतावर माईक. असं कधीही करू नकोस. घरघर काढायला डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो वापर.

खरखरीकडे ये. आधी केबल बदलून बघ. निम्म्या वेळा तिथेच संपतं. मग प्लग जॅकमध्ये हलव. हलवताना खरखरलं तर जॅक. त्याचा नट सैल असेल, आणि तू बाहेरून नुसता नट आवळत राहिलास तर आतला जॅकही फिरतो आणि वायर पिळून तुटते. म्हणून प्लेट उघड, जॅक आतून धर, मग आवळ. गोल बटण फिरवतानाच खरखरत असेल तर पॉटमध्ये धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी पॉटच्या पायांजवळच्या फटीत घालून एक फवारा मार, आणि बटण पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. बिजागऱ्यांना मारतो तो गंजाचा स्प्रे नको. तेल मागे राहतं आणि धूळ आणखी धरतं. एवढ्याने नाही गेलं तर पॉट बदल. पॅसिव्ह बासला साधारण २५० के चा लागतो. अ‍ॅक्टिव्हला बऱ्याचदा २५ के चा असतो, दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, आकडा वाचूनच घे.

पिकअप मेला की काय अशी शंका असेल तर मल्टीमीटर लाव. जॅझचा पिकअप साधारण सात-आठ किलोओहम दाखवतो. मीटर अनंत दाखवत असेल तर आत तार तुटली आहे.

तर हो, दुरुस्त करून विक. पण नव्या तारा चढवू नकोस, ते पैसे परत मिळत नाहीत. जुन्या तारा काढून दहा मिनिटं पाण्यात उकळ, कोरड्या पुसून पूर्ण वाळव आणि परत लाव. आठवडाभर तरी चमकतात. घेणाऱ्याला मात्र सांग की तारा जुन्या आहेत. फोटो काढताना फ्रेटचा जवळून एक, मागच्या सीरियल नंबरचा एक, आणि प्रत्येक ओरखड्याचा एक. ओरखडा आधी दाखवला की घरी आलेला माणूस त्यावरून भाव पाडू शकत नाही. हेडस्टॉकवरचं नाव नुसतं चिकटवलेलं आहे अशी तुलाच शंका असेल तर ते नाव जाहिरातीत लिहू नकोस.

वेळेचं सांगायचं तर विकण्याचा हंगाम गणपती ते नवरात्र, जेव्हा प्रत्येक पार्टीला ऐन वेळी बास हवा असतो. घेण्याचा हंगाम दसऱ्यानंतर, आत्ताचा. म्हणजे तू योग्य वेळी घेतोयस आणि चुकीच्या वेळी विकतोयस. शक्य असेल तर स्वतःचा बास पुढच्या श्रावणापर्यंत ठेव. उन्हाळ्यात मात्र बंद गाडीत विसरू नकोस, एक दुपार नेक बिघडवायला पुरते.

ऑनलाइन जाहिरात टाकलीस तर पहिल्या तासात एक फोन येईल: भाव न करता तयार, स्वतः सैन्यात आहे म्हणेल, आणि ‘आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ सांगेल. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतं ना पिन. फोन ठेवून दे.

मी तुझ्या जागी असतो तर व्हिजिटिंग कार्ड, एटीएम कार्ड, बॅटरी, स्वतःची केबल आणि ट्यूनर घेऊन दिवसाउजेडी गेलो असतो. नेक सरळ आणि रॉड जिवंत निघाला, तर तोच बास आज नवा कितीला मिळतो ते बघून त्याच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात केली असती आणि साठ टक्क्यांच्या वर गेलो नसतो. तो म्हणेल, अ‍ॅम्पशिवाय देणार नाही. दोन दिवस थांब. बंद अ‍ॅम्प घ्यायला दुसरं कुणी येत नसतं.